तोच पत्रा, तोच ताप

पावसाळा तोंडावर आला की मुंबईची छपरे उघडी पडतात. शिवडीपासून मानखुर्दपर्यंत आणि धारावीपासून दहिसरपर्यंत गंजलेले पत्रे खाली उतरतात, तडकलेले सिमेंटचे पत्रे बदलले जातात, जुन्या चाळींवरची कौले चाळली जातात आणि ताडपत्रीच्या व्यापाऱ्यांना बरकत येते. त्या चार आठवड्यांत हे शहर आपल्या डोक्यावरच्या आच्छादनाचा जेवढा विचार करते तेवढा उरलेल्या वर्षात करीत नाही. तथापि हा सारा विचार पाण्याचा असतो. मार्चपासून ज्या उन्हाने याच छपराखालची माणसे भाजून काढली, त्या उन्हाचा विचार छप्पर बदलताना कोणी करीत नाही. आणि एखाद्याने करावयाचा म्हटला तर कायदा त्याच्या आड येतो. ही गोष्ट बहुतेक नागरिकांस ठाऊक नाही, आणि ज्यांस ती ठाऊक असावयास हवी ते तिच्याविषयी बोलत नाहीत. म्हणून आज आम्ही ती या स्थळी मांडीत आहोत.

मुंबई महानगरपालिका अधिनियम हा १८८८ सालचा. त्याच्या ३४२ व्या कलमाप्रमाणे इमारतीत भर घालावयाची, फेरफार करावयाचा, किंवा तिचा एखादा भाग काढून वा बदलून दुरुस्ती करावयाची, तर आयुक्तांस आगाऊ सूचना द्यावी लागते. यातून वगळलेली आहे ती केवळ राहते घर राहण्याजोगे ठेवण्यापुरती दुरुस्ती. ती कोणती, हे कलमाच्या स्पष्टीकरणात मोजून सांगितले आहे. गिलावा आणि रंग, दरजा भरणे, फरशा बदलणे, मोरी व संडास यांची डागडुजी, नळ, गटाराचे नळ आणि विजेची उपकरणे बदलणे. आणि सर्वांच्या शेवटी, मूळ साहित्य होते त्याच साहित्याने छप्पर बदलणे. त्याच्याच खाली, या सवलतीत काय बसणार नाही याची दुसरी यादी आहे. घराची उंची किंवा लांबीरुंदी बदलणे, भार पेलणारी भिंत काढणे, नवा पोटमाळा घालणे, यांच्या पंक्तीला निराळ्या साहित्याने छपराची दुरुस्ती करणे हेही बसविलेले आहे.

या दोन ओळी एकत्र वाचल्या म्हणजे काय होते ते पाहा. एखाद्या गृहस्थाच्या खोलीवर साधा लोखंडी पत्रा आहे. दुपारी बारा ते चार त्या खोलीत बसवत नाही, आणि पंखा फिरतो तो वरची ऊन हवा खाली ढकलण्यापुरता. हा पत्रा गंजला. तो काढून तसाच दुसरा पत्रा ठोकला, तर कोणाला विचारण्याचे कारण नाही. पण त्याच जागी, त्याच वाशांवर, त्याच उंचीला, दोन पातळ पत्र्यांमध्ये उष्णतारोधक थर असलेला पत्रा बसवावा असे त्याने मनात आणले, की तो 'दुरुस्ती' करणारा राहत नाही. 'फेरफार' करणारा होतो. घर जसे तापत होते तसेच तापत ठेवणाऱ्यास कायदा मोकळा सोडतो, आणि ते कमी तापावे म्हणून पदरचे पैसे घालणाऱ्याला परवान्याच्या खिडकीसमोर उभा करतो. सिमेंटच्या पत्र्यांची गोष्ट तर याहून विपरीत आहे. आपल्याकडील या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगास कारण होते असे जागतिक आरोग्य संघटनेने वेळोवेळी सांगितलेले आहे. कलमाच्या अक्षराप्रमाणे ॲस्बेस्टॉसच्या जागी ॲस्बेस्टॉस घालणे ही निर्वेध दुरुस्ती ठरते; त्याच्या जागी दुसरे निर्धोक काही घालावयाचे तर मात्र अर्ज करावा लागतो.

अर्ज करावा, त्यात एवढे अवघड काय, असे कोणी म्हणेल. ज्याने आपल्या आयुष्यात एकदा तरी बांधकामाचा अर्ज केला आहे तो असे म्हणणार नाही. परवानाधारक अभियंता हवा, नकाशा हवा, जागेच्या मालकाची संमती हवी. आणि मालक खाजगी आहे, जिल्हाधिकारी आहेत, रेल्वे आहे की आणखी कोणी, हे ठरविण्यातच कित्येकांचे वर्ष निघून जाते. वस्ती झोपडपट्टी म्हणून घोषित असेल तर तेथील सक्षम प्राधिकारी आणखी वेगळा. या सर्वांहून मोठी अडचण भयाची आहे. या शहरातील लक्षावधी घरांचे अस्तित्व एखाद्या तारखेवर टांगलेले आहे. निवासी बांधकाम १९६४ च्या एप्रिलपूर्वीचे असले तर महापालिका ते चालवून घेते; झोपडी १ जानेवारी २००० पूर्वीची असली तर तिला संरक्षण. असे असता, 'माझ्या घराचे छप्पर मी बदलू इच्छितो' असा कागद स्वतःच्या सहीने देणे म्हणजे आपल्या घराकडे आपणच बोट दाखविणे होय. शहाणा माणूस ते करीत नाही. तो रविवार गाठतो, जुन्यासारखाच पत्रा आणतो आणि संध्याकाळच्या आत काम उरकतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्टीत होती. एवढ्या लोकांनी असा शहाणपणा केला म्हणजे शहराच्या डोक्यावर केवढे तापते पोलाद पसरते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हा प्रश्न दुसऱ्यांचा वाटेल. आपल्या डोक्यावर पत्रा नाही, सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आहे, असे ते मनाशी म्हणतील. त्यांतील जे सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात ते मात्र असे म्हणणार नाहीत. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. पत्र्याची खोली सूर्यास्तानंतर तासाभरात थोडी तरी निवते; स्लॅबखालच्या खोलीत मध्यरात्रीही छताकडून ऊब येत राहते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ च्या डिसेंबरात 'इको-निवास संहिता' प्रसिद्ध केली. आतबाहेरच्या तपमानात एका अंशाचे अंतर असता छपराच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये, अशी मर्यादा तिने घातली आहे. आपल्याकडचा सहा इंची उघडा स्लॅब याच्या तिपटीच्या आसपास उष्णता आत घेतो. म्हणजे सरकारने नव्या घरांसाठी जे माप ठरविले त्याच्या तिप्पट ताप जुन्या घरांतील माणसे निमूटपणे सोसत आहेत.

आणि त्यांनी काही करावयाचे म्हटले तर? गच्ची सोसायटीच्या सर्व सभासदांची, ताप मात्र वरच्या मजल्यावरच्या चारच बिऱ्हाडांचा, असा हा अजब सहकार आहे. गच्चीवर पांढरा परावर्तक रंग द्यावा किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी घालावी, असा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आला की खालच्या मजल्यावरील सभासदांस एकाएकी काटकसरीचे महत्त्व पटू लागते. यात त्यांचा दुष्टपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. उपविधींनीच त्यांस तसे शिकविले आहे. गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून वरच्या मजल्याचे छत खराब झाले तर ते सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त व्हावे असे आदर्श उपविधी सांगतात. तीच गच्ची उष्णता झिरपवीत असेल तर त्याविषयी ते मूक आहेत. उपविधींस पाणी दिसते, ऊन दिसत नाही. वस्तुतः गळती थांबविण्यासाठी आपले गवंडी गच्चीवर जो विटांच्या तुकड्यांचा कोबा घालीत आले आहेत, तो पाणी अडवितो तसाच उष्णताही अडवितो. खर्च एकच, काम एकच. पण त्याला गळतीचे नाव दिले तर तो सर्वांचा खर्च, आणि तापाचे नाव दिले तर तो तुमचा.

भाडेकरूंची स्थिती याहून निराळी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. मालकाच्या लेखी संमतीवाचून जागेत कायम स्वरूपाचे बांधकाम करणाऱ्या भाडेकरूस जागा सोडावयास लावता येते, असे त्याचे १६ वे कलम म्हणते. कायदेमंडळाने दूरदृष्टीने त्याला काही अपवाद जोडले आहेत. लाकडी आडभिंत, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, जाळी, हवेसाठी खिडकी, खोटे छत, धुराडे, आणि वातानुकूलन यंत्र! या गोष्टी केल्याने भाडेकरूचे घर जात नाही. जे यंत्र आतली उष्णता उचलून शेजाऱ्याच्या खिडकीसमोर टाकते आणि त्यासाठी तासातासाला वीज खाते, ते भाडेकरूचा हक्क म्हणून कायद्यात नावानिशी आले. खिडकीवर बाहेरून ऊन अडविणारी झडप किंवा छपराखालचा उष्णतारोधक थर, ज्यांस एकदा बसविल्यावर विजेचा एक कणही लागत नाही, त्यांचे नाव त्या यादीत नाही. २६ वर्षांपूर्वी ज्यांनी ही यादी केली त्यांना आम्ही दोष देत नाही. यादी पुढे कोणी उघडून पाहिली नाही, याचा मात्र दोष आहे.

असे का व्हावे? आमच्या मते याचे मूळ या शहराच्या कायद्यांच्या जन्मकथेत आहे. १८८८ चा कायदा झाला तेव्हा मुंबईकरांचे शत्रू होते पटकी, घाण पाणी, आग आणि कोसळणाऱ्या भिंती. पुढे १८९६ साली प्लेग आला. घरे चुन्याने धुऊन काढण्यात आली, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दोन इमारतींमध्ये उजेड व वारा यावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा प्रसिद्ध नियम घालण्यात आला. दादर-माटुंग्याच्या रुंद रस्त्यांवर आज जी सावली आणि हवा खेळते तिचे श्रेय त्या धड्याला आहे. म्हणजे नगररचनेचा कायदा शिकतच नाही असे नव्हे. एका साथीने त्याला हवा आणि उजेड शिकविला. उष्णता त्याला अद्याप कोणी शिकविलेली नाही, कारण उष्णतेने मेलेला माणूस हृदयविकाराने, मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा वार्धक्याने मेला अशी नोंद होते. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेची लाट आली. नंतर संशोधकांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्या एका महिन्यात एरवीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दिसून आले. त्या आकड्याने त्या शहराचे डोळे उघडले. २०१३ मध्ये तेथे उष्णतेसाठी कृती योजना झाली, आणि पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याची मोहीम निघाली. मुंबईचीही वातावरण कृती आराखड्याची पोथी २०२२ च्या मार्चमध्ये प्रकाशित झालेली आहे. तिच्यात तापणाऱ्या छपरांची चिंता आहे; पण ती पोथी एका कपाटात आणि ३४२ वे कलम दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही कपाटांच्या किल्ल्या निरनिराळ्या खात्यांच्या हाती, अशी स्थिती आहे.

ऊर्जेचे जे नवे कायदे झाले त्यांचीही नजर वरच लागलेली आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन निवासी इमारती प्रथमच त्याच्या कक्षेत आल्या, ही स्वागतार्ह गोष्ट खरी. पण त्याची संहिता लागू होते ती १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक वीजभार असलेल्या इमारतींस. राज्य सरकार मनात आणील तर ही मर्यादा खाली आणू शकते. तरी ती कितीही खाली आणली म्हणून एक पंखा, दोन दिवे आणि एक दूरदर्शन संच असलेल्या खोलीपर्यंत ती पोहोचणार नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण जाहीर केले आणि पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छपरे त्याखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. तेथेही सक्ती आहे ती सरकारी, व्यापारी आणि ६०० चौरस यार्डांवरील निवासी बांधकामांस. लहान घरांस ते ऐच्छिक आहे. लहान घरांवर सक्ती नको, हे आम्हांसही मान्य आहे. मागणी एवढीच आहे की, जेथे सक्ती नाही तेथे निदान आडकाठी तरी नसावी.

सरकारने मनात आणले तर आडकाठी कशी दूर होते याचे उदाहरण याच छपरांवर दिसते. २०२४ च्या फेब्रुवारीत 'पीएम सूर्यघर' योजना निघाली. त्याच महिन्यात केंद्राने वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलून १० किलोवॅटपर्यंतच्या सौर संचांना तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी माफ केली. अर्ज केला की तो मंजूरच समजावयाचा. तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानही मिळते. छपरावर वीज निर्माण करणाऱ्याला एवढ्या पायघड्या, आणि छपरानेच विजेची गरज कमी करणाऱ्याला अनुदान तर नाहीच, उलट फेरफाराचा शिक्का! न लागलेली वीज मोजण्याचे मीटर अजून निघालेले नाही, हेच कदाचित याचे कारण असेल.

येथवर वाचून आम्ही परवानेच मुळी रद्द करा असे म्हणत आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये. उष्णतारोधनाच्या उत्साहात नियम गुंडाळून ठेवले म्हणजे काय होते याचे दाखले जगाने पाहिलेले आहेत. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजली इमारत. २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात तिच्या भिंतींना बाहेरून उष्णतारोधक थर आणि त्यावर पत्र्याचे आवरण बसविले. ते आवरण ज्वालाग्राही होते. १४ जून २०१७ च्या रात्री एका स्वयंपाकघरात लागलेली आग त्या आवरणावरून शेंड्यापर्यंत चढली आणि ७२ माणसे गेली. ज्यांनी हे काम तपासावयाचे होते त्यांनी ते तपासलेले नव्हते, हे पुढील चौकशीत उघड झाले. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये घरांच्या माळ्यांत उष्णतारोधक थर घालण्यासाठी सरकारी पैसा सढळ हाताने वाटला. कालपरवापर्यंत दुसरे काही काम करणारी तरुण मुले माळ्यांत शिरली, विजेच्या तारांवरून धातूचे पडदे ठोकू लागली. तिघे विजेच्या धक्क्याने मेले, चौथा माळ्यातील उष्णतेनेच दगावला, आणि २०१० च्या फेब्रुवारीत योजना गुंडाळावी लागली. इतके दूर तरी कशाला जावे? २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलमधील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले, त्याला तेथील ज्वालाग्राही छतच कारण झाले होते. गच्चीवरच्या कोणत्याही आच्छादनाकडे महापालिकेचा अधिकारी संशयाने पाहतो, त्यामागे हा अनुभव आहे, आणि तो रास्त आहे.

पण या सर्व दाखल्यांतून निघते ते काय? छपराचे साहित्य जुने की नवे, हा प्रश्नच अस्थानी आहे. विचारावयाचे ते तीनच प्रश्न: ते जळते काय, त्याचे वजन खालचा सांगाडा पेलील काय, आणि त्याने घराची उंची वा पसारा वाढतो काय? या तिन्ही प्रश्नांचा '३४२' च्या त्या शब्दांत मागमूस नाही. त्याच साहित्याच्या नावाखाली कुजक्या वाशांवर पुन्हा पत्रा ठोकता येतो, आणि न जळणाऱ्या खनिज लोकरीचा थर असलेला हलका पत्रा निराळे साहित्य म्हणून अडतो. उलट बाजारात 'पफ पॅनेल' म्हणून जे मिळते, त्याच्या आतला फेस आगीत विषारी धूर ओकतो. थर्माकोलविषयी तर बोलावयासच नको. पत्र्याखाली थर्माकोलचे तक्ते खिळ्यांनी ठोकून त्यावरून विजेच्या तारा नेलेल्या खोल्या या शहरात हजारोंनी आहेत. ते काम खोलीच्या आत होते म्हणून कोणाच्या नजरेस पडत नाही. आणि राज्याच्या १९६६ च्या नगररचना अधिनियमाचे ४३ वे कलम तर केवळ अंतर्भागात होणाऱ्या कामांस परवानगीतून मुक्तच करते. म्हणजे धोक्याचे काम आत बिनबोभाट चालते आणि सुरक्षित काम बाहेर अडते.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, कलमाच्या स्पष्टीकरणातील ती अट राज्य सरकारने काढावी. मूळ उंची आणि मूळ क्षेत्र कायम ठेवून, मूळ छपरापेक्षा जड नसलेल्या आणि न जळणाऱ्या साहित्याने छप्पर बदलणे ही किरकोळ दुरुस्तीच समजावी, असे शब्द तेथे घालावेत. अशा साहित्याची यादी अग्निशमन दलाच्या सल्ल्याने दरवर्षी प्रसिद्ध व्हावी आणि ती मराठीत असावी, कारण ती वाचावयाची आहे पत्रेवाल्याने आणि सुताराने. छप्पर बदलले म्हणून बांधकामाला कोणताही नवा हक्क मिळत नाही, हेही त्याच वाक्यात लिहून ठेवावे. म्हणजे अनधिकृत बांधकामे यामुळे पावन होतील ही भीती ज्यांस वाटते त्यांचे समाधान होईल, आणि घरमालकालाही आपल्या तारखेची धास्ती बाळगण्याचे कारण उरणार नाही.

गच्चीवर कोबा घालावयाचा असेल तर गोष्ट वेगळी. चार इंचांचा कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात वजन टाकतो. जुन्या, गंजलेल्या सळ्यांच्या स्लॅबवर तो डोळे मिटून टाकणे म्हणजे आत्मघात होईल. तेथे अभियंत्याचा दाखला हवाच. पण त्यासाठी नवी खिडकी उघडण्याचे कारण नाही. तीस वर्षांवरील इमारतींनी आपल्या मजबुतीचा दाखला सादर करावा असे याच अधिनियमाचे '३५३ ब' कलम सांगते. तोच अभियंता त्याच दिवशी गच्चीवर उभा असतो. ही गच्ची किती भार पेलील आणि तिच्यावर कोणता थर घालता येईल, या दोन ओळी त्याच दाखल्यात लिहिण्यास त्याला दहा मिनिटे लागतील. पांढऱ्या रंगाला तर आजही परवानगी लागत नाही, कारण रंगकाम किरकोळ दुरुस्तीच्या यादीत आहेच. हे महापालिकेने एका परिपत्रकाने स्पष्ट केले तर सोसायट्यांच्या चिटणीसांची निम्मी भीती जाईल. मात्र रंग देऊन विसरून जाता येणार नाही. दोन पावसाळ्यांत त्यावर शेवाळ आणि काजळी बसते आणि त्याचा गुण उतरतो. दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी तो धुवावा लागतो.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने सांगितली पाहिजे. उष्णतारोधनाचे जे ग्रंथ आणि जी माहितीपत्रके आपल्याकडे येतात ती बहुधा थंड देशांतील असतात, आणि त्यांत भिंती जाडजूड गुंडाळण्यावर भर असतो. मुंबईची हवा दमट आहे. येथे दुपारी छप्पर आणि पश्चिमेची भिंत यांवरचे ऊन अडवावयाचे आणि रात्री वारा आत घ्यावयाचा, एवढेच साधावयाचे असते. कौलारू घरांत कौलांच्या फटींतून ऊन हवा निघून जात असे आणि पोटमाळा उन्हाचा पहिला मार खात असे. खिडकीवरचा रुंद छज्जा काचेपर्यंत ऊन येऊ देत नसे. आपण छज्जे आखूड केले, सज्जे काचा लावून बंद केले, आणि मग यंत्र आणले. ज्या उपायांस सवलत द्यावयाची त्यांची यादी करताना हे भान ठेवले नाही, तर थंड देशांतील महागडा माल खपविण्यापलीकडे काही साधणार नाही.

शेवटी राहतो तो मुंबईचा नेहमीचा आक्षेप. इमारत आज ना उद्या पुनर्विकासाला जाणारच आहे, मग छपरावर पैसे कशाला घालावे? झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ साली स्थापन झाले. त्याला तीस वर्षे होऊन गेली. त्या वर्षी ज्यांनी 'आता दोनतीन वर्षांचाच प्रश्न आहे' म्हणून जुनाच पत्रा पुन्हा ठोकला, त्यांतील कित्येकांची नातवंडे आज त्याच प्रकारच्या पत्र्याखाली अभ्यास करीत आहेत. पुनर्विकास व्हावा, लवकर व्हावा. पण तो होईपर्यंतचे उन्हाळे कोणी मागे ठेवीत नाही.

कायद्यात दुरुस्ती विधिमंडळाने करावयाची आहे आणि ती एका अधिवेशनात होण्याजोगी आहे. तोवर आयुक्तांनी आपल्या अधिकारात करण्यासारखे एक काम आहे. वर सांगितलेल्या तीन कसोट्यांस उतरणारे छप्पर कोणी बसविले, तर केवळ साहित्य निराळे आहे एवढ्या कारणावरून त्याला नोटीस काढू नये, असा आदेश सर्व विभाग कार्यालयांस द्यावा. तो छपरे उघडण्यापूर्वी, एप्रिलच्या आत, निघाला पाहिजे. मे महिन्यात पत्रे विकत घेतले जातात, आणि एकदा ठोकलेला पत्रा पुढची दहापंधरा वर्षे कोणी हलवीत नाही.